चकती फिरली की घसरली? मेटॅलिक ग्लासवरच्या एचपीटी प्रयोगाचं एक प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेच्या प्रयोगशाळेतलं आहे. संस्था, माणसं आणि टूलरूम ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. विषय तसा अरुंद आहे, पण यंत्राने दिलेला आकडा आणि नमुन्याने सोसलेला आकडा यांत किती अंतर पडू शकतं, हे त्यात चांगलं दिसतं.

पार्श्वभूमी

मेटॅलिक ग्लास म्हणजे स्फटिकरचना नसलेला धातू. १९६० साली कॅलटेकमध्ये ड्यूवेझ आणि सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉनचा वितळलेला मिश्रधातू इतक्या वेगाने थंड केला की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळाला नाही. तेव्हा जेमतेम पातळ पापुद्रे मिळायचे. झिर्कोनियमवर आधारलेल्या आजच्या मिश्रधातूंच्या सेंटीमीटरभर जाडीच्या कांड्या तांब्याच्या साच्यात ओतता येतात. ताकद भरपूर, लवचिक विकृती, म्हणजे भार काढला की परत जागेवर येणारा आकारबदल, सुमारे २ टक्के. दुखणं एकच: मर्यादा ओलांडली की सगळी विकृती १०-२० नॅनोमीटर जाडीच्या शिअर बँडमध्ये, म्हणजे थर एकमेकांवरून सरकतात अशा पट्ट्यात, एकवटते आणि ताणातला नमुना एकाच बँडवरून तुटतो.

यावर एक उपाय म्हणजे काचेला जबरदस्तीने भरपूर विकृत करून तिची रचना पुन्हा सैल करणं. ‘रिज्युव्हेनेशन’ म्हणतात ते हेच. मुक्त आकारमान (अणूंमधली मोकळी जागा) वाढतं, कडकपणा उतरतो, डीएससीमध्ये (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो-सोडतो हे मोजणारी चाचणी) काचसंक्रमणाच्या, म्हणजे काच तापून मऊ पडू लागण्याच्या, आधीचा उष्णता बाहेर टाकणारा भाग मोठा होतो. काच न फोडता इतकी विकृती द्यायची तर भोवती प्रचंड दाब हवा, म्हणून एचपीटी, म्हणजे हाय-प्रेशर टॉर्शन. कल्पना भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांच्या उच्च दाबाखालच्या शिअर प्रयोगांतून आलेली. दोन ॲन्व्हिलमध्ये (कठीण ठोकळ्यांमध्ये) चकती दाबायची आणि एक ॲन्व्हिल फिरवायचं. जात्यासारखंच, फक्त इथे दाणा दळला जाऊ द्यायचा नाही.

प्रयोगशाळेची मांडणी नेहमीचीच होती. कोबाल्ट बाइंडर असलेल्या टंगस्टन कार्बाइडची दोन ॲन्व्हिल, ईएन-२४ पोलादाच्या कड्यात श्रिंक फिट (कडं तापवून घट्ट) बसवलेली. प्रत्येकात १० मिमी व्यासाचा, ०.२५ मिमी खोल खळगा. हायड्रॉलिक प्रेस ६० टनांची. खालचं ॲन्व्हिल गिअर्ड मोटरवर, मिनिटाला १ फेरा. नमुना Zr52.5Cu17.9Ni14.6Al10Ti5 या मिश्रधातूच्या १० मिमी कांडीतून कापलेला, काचसंक्रमण साधारण ४०० अंश सेल्सिअसला. नाममात्र दाब ५ गिगापास्कल. १० मिमी चकतीचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. मिमी, म्हणजे ३९३ किलोन्यूटन, बोलीभाषेत ४० टन.

चकत्या भोसरीच्या टूलरूममध्ये वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेवर) कापल्या जात. इथे एक गोष्ट सुरुवातीपासून नीट पाळली होती. वायरकटच्या ठिणगीने पृष्ठभागाचा थर वितळून पुन्हा थिजतो आणि त्यात स्फटिक असू शकतात. म्हणून चकती १.१ मिमी कापून दोन्ही बाजूंनी पाण्याखाली घासत ०.८ मिमीवर आणली जाई. पाण्याखाली घासण्याचं दुसरं कारण सुरक्षेचं: झिर्कोनियमचा बारीक भुगा कोरडा राहिला तर पेट घेतो. तो ओलाच गोळा करायचा आणि ओलाच विल्हेवाटीला द्यायचा.

अडचण

पहिल्या मालिकेत एक फेरा आणि पाच फेरे अशा चकत्या केल्या. विकर्स कडकपणा (हिऱ्याच्या टोकाने दाबून मोजतात तो, एकक एचव्ही) ओतीव अवस्थेत ५३० एचव्ही, एका फेऱ्यानंतर ५०५, पाचनंतर ५०३. मोजमापातला विखुरलेपणा ±८. रिलॅक्सेशनची एन्थॅल्पी (सैल झालेली रचना तापवल्यावर पुन्हा घट्ट बसताना सोडते ती उष्णता) ५ वरून ८ जूल प्रति ग्रॅम, आणि एक फेरा असो की पाच, तेवढीच.

संशोधक विद्यार्थिनीने मसुद्यात लिहिलं होतं की एका फेऱ्यातच परिणाम ‘संपृक्त’ होतो. वाचायला पटण्यासारखं होतं. एचपीटीने केलेल्या अनेक स्फटिकी धातूंमध्ये कडकपणा खरोखरच काही फेऱ्यांत पठारावर जातो.

पण दोन गोष्टी खटकत होत्या. एचपीटीतली शिअर विकृती २πNr/h (N फेरे, r त्रिज्या, h जाडी), म्हणजे मध्यावर शून्य आणि कडेला सर्वांत जास्त. अंतिम जाडी ०.६ मिमी धरली तर एका फेऱ्यात कडेला ५२ आणि पाच फेऱ्यांत २६२ यायला हवी. एका फेऱ्याच्या चकतीत मध्यापासून कडेपर्यंत कडकपणाचा काही तरी उतार दिसायला हवा होता. रेघ सपाट निघाली. दुसरं, चकतीच्या वरच्या पृष्ठभागावर गोलाकार चकचकीत चरे होते. आधी त्यांना घासकामाच्या खुणा समजून सोडून दिलं गेलं होतं. पण घासकामाच्या खुणा सरळ असतात.

मार्गदर्शकांनी मसुदा परत केला तो याच चऱ्यांवर पेन्सिलीने गोल करून. शेजारी लिहिलं होतं: “संपृक्त की घसरलेलं? दोन्हींत आलेख सारखाच येईल.”

सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे. चकती पहिल्या काही अंशांनंतर ॲन्व्हिलवर घसरायला लागली, तर पुढचे सगळे फेरे नुसतं घर्षण. मग एक आणि पाच फेऱ्यांचा निकाल सारखा येणारच. फिरवलेल्या चकत्यांच्या कडकपणावरून या दोन शक्यतांतला फरक कळत नाही, मग तशा कितीही चकत्या करा.

घसरण का अपेक्षितच होती

कागदावर चार ओळींचं गणित आहे, आणि ते आधी करता आलं असतं. ॲन्व्हिल चकतीला धरून ठेवतं ते घर्षणाने. ते जास्तीत जास्त घर्षणांक μ गुणिले दाब. चकती पिळली जायची तर तिची शिअर ताकद त्याहून कमी हवी. शुद्ध ॲल्युमिनियमची शिअर ताकद ०.१ गिगापास्कलपेक्षाही कमी, त्यामुळे ५ गिगापास्कलखाली ते घसरण्याचा प्रश्न नगण्य. या काचेची मात्र ०.९ ते १ गिगापास्कल. म्हणजे ५ गिगापास्कलला μ किमान ०.२ हवा, आणि घासून गुळगुळीत केलेल्या कार्बाइडवर तो सहज ०.१ च्या आसपास उतरतो.

त्यात आणखी एक मेख आहे. नाममात्र ५ गिगापास्कल हा खळग्याच्या क्षेत्रफळावर काढलेला आकडा. दाबताना माल कडेने पापडीसारखा बाहेर येतो आणि ॲन्व्हिलच्या सपाट काठावर बसून तोही भार उचलतो. पापडीचा बाहेरचा व्यास १२ मिमी झाला की क्षेत्रफळ ११३ चौ. मिमी आणि सरासरी दाब ३.५ गिगापास्कलवर येतो. मध्यात तो जास्त राहतो हे खरं, पण ‘५ गिगापास्कल’ असं ठासून लिहिण्याआधी पापडीचा व्यास व्हर्निअरने मोजायला हवा.

मोटरच्या करंटवर विश्वास का चालला नाही

“करंट पाचही फेऱ्यांत स्थिर होता, मग घसरलं कसं?” असा प्रश्न गटात आला. उत्तर दोन भागांत आहे. एक, स्थिर घसरण म्हणजे स्थिर घर्षण, म्हणजे स्थिर टॉर्क. करंट कोसळेल ही अपेक्षाच चूक. दोन, मोटर फक्त चकती फिरवत नव्हती. ४० टन भार खालच्या थ्रस्ट बेअरिंगवर आहे. घर्षणांक ०.००३ आणि सरासरी त्रिज्या ६० मिमी धरली तरी एकट्या बेअरिंगला ७० न्यूटन-मीटर लागतात. संपूर्ण चकती १ गिगापास्कल शिअरवर वाहायला लागते तेव्हाचा टॉर्क (२/३)πr³τ (τ म्हणजे शिअर ताण), म्हणजे २६२ न्यूटन-मीटर. बेअरिंगचा टॉर्क चकतीच्या टॉर्कच्या एक चतुर्थांशाहून मोठा असेल, तर करंटवरून काय कळणार?

मग टॉर्क वरच्या, स्थिर बाजूला मोजायचं ठरलं. वरच्या होल्डरच्या ६० मिमी मानेवर ४५ अंशांत चार स्ट्रेन गेज (ताणल्या की विद्युत रोध बदलणाऱ्या पट्ट्या), एकाच सर्किटात जोडलेले, म्हणजे पूर्ण ब्रिज. ॲम्प्लिफायर म्हणून एचएक्स-७११ चा बोर्ड इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, आणला. या कामाला तो पुरतो. फक्त सिग्नल किती लहान आहे याची कल्पना असावी: २६२ न्यूटन-मीटरला प्रत्येक गेजवर सुमारे ३९ मायक्रोस्ट्रेन (विकृतीचे दशलक्षांश), म्हणजे ५ व्होल्ट पुरवठ्यावर अर्धा मिलिव्होल्टही नाही. त्याच मानेवर ४० टनांमुळे अक्षीय विकृती ६६० मायक्रोस्ट्रेनच्या घरात. गेज एक अंशाने तिरका चिकटला तर अक्षीय भाराची १५ मायक्रोस्ट्रेन टॉर्कच्या नावावर लागते. यावरचा उपाय सोपा: शून्य बिनभाराचं घ्यायचं नाही. पूर्ण भार द्यायचा, प्रेसचा काटा स्थिरावू द्यायचा, मग शून्य घ्यायचं आणि त्यानंतर मोटर सुरू करायची. भार फिरण्याच्या काळात बदलला तर त्या चकतीची नोंद बाद.

निर्णायक चाचणी: अर्ध्या चकत्या

टॉर्क हा तरी अप्रत्यक्ष पुरावा. प्रत्यक्ष बघायचं तर चकतीत एक उभी रेघ हवी. चकती वायरकटवर व्यासावर दुभागायची, दोन्ही कापलेल्या बाजू घासून सपाट करायच्या, अर्धी-अर्धी पुन्हा जोडून खळग्यात ठेवायची आणि थोडाच कोन फिरवायचा. खरं पिळलं गेलं तर वरच्या तोंडावरची सांध्याची रेघ खालच्या रेघेपासून तेवढ्याच कोनात सरकलेली दिसते.

मोजताना अडचण येते ती समान संदर्भाची, कारण चकती उलटली की कोन कशापासून मोजायचा? म्हणून प्रयोगानंतर कडेवर बारीक कानशीने वरपासून खालपर्यंत एक उभी खाच पाडायची आणि दोन्ही तोंडांवर रेघेचा कोन त्या खाचेपासून घ्यायचा. मोजण्याआधी दोन्ही बाजूंनी सुमारे ५० मायक्रॉन घासून काढावे लागतात. नाहीतर ॲन्व्हिलने फासलेला वरचा थर सांधा झाकतो.

निकाल असा. मोटर ३० अंश फिरली, रेघ ६ अंश सरकली. पूर्ण फेरा, ३६० अंश, केला तेव्हा रेघ १० अंशांवर थांबलेली. कडेची खरी शिअर विकृती ५२ नव्हे, १.५ च्याही किंचित खाली. स्थिर बाजूचा टॉर्क १४० न्यूटन-मीटरच्या पुढे गेला नाही. म्हणजे सरासरी शिअर ताण ०.५३ गिगापास्कल, काच वाहायला लागतो त्याच्या निम्मा. हे दोन्ही पुरावे एकमेकांना धरून आहेत.

सूक्ष्मदर्शकाखाली ही रेघ बघण्यासारखी होती. ती वाकलेली नव्हती, पायऱ्या-पायऱ्यांनी तुटलेली होती. काही मायक्रॉन सरळ, मग झटक्यात बाजूला, पुन्हा सरळ. प्रत्येक पायरी म्हणजे एक शिअर बँड. कडेजवळ पायऱ्या दाट, मध्याकडे विरळ. आलेखात न दिसलेला त्रिज्येचा परिणाम इथे होता, फक्त कडकपणाच्या विखुरलेपणात बुडून जाण्याइतका लहान.

मग ५३० चं ५०५ झालं कशाने? नुसतं दाबून, न फिरवता केलेली चकती आधीच्या मालिकेत नव्हतीच. ती केली तेव्हा कडकपणा ५०९ आला. ०.८ मिमीची चकती ०.६ वर चपटी होते तेव्हाच ०.२९ ची खरी विकृती देऊन जाते. ज्याला पिळाचा परिणाम म्हटलं जात होतं, त्याचा बहुतेक हिस्सा मोटर सुरू होण्याआधीच मिळालेला होता.

याच सुमारास दुसरी गळती सापडली. कडकपणाचे नमुने धरायला सोपे जावेत म्हणून बेकलाइट या प्लास्टिकमध्ये गरम बसवले (माउंट केले) जात होते, १५० अंशांच्या वर, दाबाखाली, दहाएक मिनिटं. रिज्युव्हेनेट झालेल्या काचेचं रिलॅक्सेशन काचसंक्रमणाच्या बरंच खालीच सुरू होतं, त्यामुळे एवढ्या उष्णतेने मिळवलेलं काही अंशी पुसलं जातं. त्याच चकतीचे दोन तुकडे करून एक गरम आणि एक थंड रेझिनमध्ये बसवला, तर थंड तुकडा ९ एचव्हीने मऊ निघाला. त्या दिवसापासून गरम माउंटिंग बंद. थंड रेझिनही एकदम जास्त मिसळलं तर तापतं, म्हणून पातळ थरांत ओतायचं. डीएससीचे नमुने कापायलाही वायरकट नको. पाण्यावर चालणारी संथ डायमंड सॉ.

पर्याय आणि त्यांवरची चर्चा

पाच पर्याय टेबलावर होते.

दाब वाढवणं सर्वांत सोपं वाटलं. ६ गिगापास्कलला ४८ टन लागतात आणि प्रेस देऊ शकत होती. पण दाब वाढला की काचेची शिअर ताकदही थोडी वाढते. तिचं शिअरमधलं वर्तन दाबाला संवेदनशील असतं. हा संवेदनांक ०.१ च्या आसपास धरला आणि घर्षणांकही ०.१ च असला, तर एक गिगापास्कल वाढवून धरण्याची क्षमता आणि ताकद दोन्ही सारखीच वाढतात. हाती काहीच लागत नाही, ॲन्व्हिलचा धोका मात्र वाढतो. दाब वाढवणं तेव्हाच उपयोगी जेव्हा घर्षणांक आधीच बरा आहे. हा पर्याय सोडला, आणि ते योग्यच झालं.

ॲन्व्हिल १५०-२०० अंशांपर्यंत तापवणं: काच मऊ होईल, पण रिलॅक्सेशनही त्याच वेळी चालू राहील. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं. तेही नाकारलं.

मऊ मिश्रधातू घेणं शक्य होतं, पण मग प्रश्नच बदलला असता आणि आधीच्या कांड्या वाया गेल्या असत्या.

उरले दोन: खळग्याचा तळ खडबडीत करणं, आणि चकती कापून, रचून, पुन्हापुन्हा दाबून पिळणं. हा दुसरा मार्ग संचयी एचपीटी म्हणून ओळखला जातो. तो वेळखाऊ आणि कटकटीचा. साहजिकच आधी खडबडीतपणा निवडला गेला.

कृती

खळग्याचा तळ ईडीएमवर (वायरकटसारखंच, पण तारेऐवजी घडवलेल्या इलेक्ट्रोडने काम करणारं यंत्र) ठिणगीने उठवायचं ठरलं, खडबडीतपणा सुमारे ०.२ वरून ३ मायक्रॉन. प्रश्न कडेचा होता. खळग्याची भिंत जिथे सपाट काठाला मिळते तो कोपरा भाराखाली सर्वांत जास्त ताणला जातो, आणि ईडीएमने कार्बाइडच्या वरच्या थरात सूक्ष्म तडे राहतात.

टूलरूमच्या मालकांनी तोंडी सांगितलं होतं: “मॅडम, तळाला कितीही घ्या, पण कोपऱ्याला स्पार्क नको. कार्बाइड जातं ते तिथूनच.” विद्यार्थिनीचा युक्तिवाद असा की, “काका, विकृती तर कडेलाच जास्त हवी आहे, तिथेच गुळगुळीत सोडलं तर घसरणारच.” दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. ड्रॉइंगमध्ये शेवटी ‘संपूर्ण खळगा’ असं गेलं. तळाच्या ८ मिमी व्यासापुरता खडबडीतपणा आणि कोपऱ्याला पॉलिश केलेली त्रिज्या, असा मधला मार्ग कुणी कागदावर काढलाच नाही.

खडबडीत ॲन्व्हिलचा परिणाम झाला. प्रत्येक वेळी ॲसिटोनने आणि मग अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसून, हातमोज्यांशिवाय कुठेही न शिवता चकती ठेवली. बोटाचा तेलकट ठसाही घर्षण खाली आणतो. मोटर ३० अंश फिरली तेव्हा रेघ १७ अंश सरकली. ९० ला २५. पूर्ण फेऱ्याला ३० च्या आसपास. टॉर्क आधी २२५ न्यूटन-मीटरपर्यंत चढला आणि मग १५० ला येऊन बसला. याचा अर्थ उघड आहे. सुरुवातीला उंचवटे काचेत रुततात आणि धरून ठेवतात; मग खाचा काचेच्या चुऱ्याने भरतात, उंचवटे झिजतात आणि घसरण पुन्हा सुरू होते. एका चकतीत पहिले ३० अंशच काय ते कामाचे.

मग एक चकती सोडवताना खालचं ॲन्व्हिल गेलं. भार चढवताना किंवा फिरवताना नाही, भार उतरवताना. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि खळग्याच्या कोपऱ्यापासून निघालेली गोल भेग काठावर दिसली. पॉलिकार्बोनेटचं आवरण लावलेलं होतं म्हणून कुणाला काही झालं नाही. उच्च दाबाच्या कामात कार्बाइड बऱ्याचदा उतारावरच फुटतं: आतल्या नमुन्याने धरलेला ताण आणि ॲन्व्हिलचा मोकळा होणारा ताण एकाच गतीने सुटत नाहीत. इथे रिलीज व्हॉल्व्ह हाताने उघडला जात होता, आणि ४० टन दहाएक सेकंदांत उतरत होते. नंतर वाटेत सुईचा व्हॉल्व्ह बसवला आणि उतरायला चार मिनिटं ठेवली.

नव्या जोडीत काकांचं म्हणणं मानलं गेलं: तळ ८ मिमीपर्यंतच उठवलेला, कोपरा गोल आणि पॉलिश. आणि पद्धत बदलली. ज्याअर्थी एका चकतीत पहिले ३० अंशच उपयोगी, त्याअर्थी तेवढंच फिरवायचं आणि काम फेऱ्यांऐवजी पुनरावृत्तीने करायचं. क्रम असा ठरला:

चकती दाबायची, ३० अंश फिरवायची, चार मिनिटांत भार उतरवायचा. पापडी कापून टाकायची. संथ सॉवर चार चतकोर करायचे. तोंडं १२०० च्या कागदावर ओली घासून, ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक देऊन, लगेच वापरायची. दोन चतकोर समोरासमोर, टोकं मध्याकडे करून खळग्यात ठेवायचे आणि त्यांच्यावर बरोबर तसेच दोन. उंची दुप्पट, क्षेत्रफळ निम्मं, आणि भार अक्षाभोवती समतोल. चारही एकावर एक रचले तर उंची २.४ मिमी होते आणि रचना तिरकी बसते. एकदा तसं करून पाहिलं तेव्हा वरचा तुकडा फुटून बाहेर उडाला. दाबल्यावर माल रिकाम्या जागेत पसरतो आणि जाडी पुन्हा ०.६ वर येते. उंची निम्मी झाल्याची विकृती ०.६९, शिवाय पीळ. खळग्याची कड आता गुळगुळीत असली तरी दर पुनरावृत्तीच्या ताज्या पृष्ठभागांमुळे पकड वाढली होती. पहिल्या पुनरावृत्तीत अर्ध्या चकतीची चाचणी पुन्हा घेतली तेव्हा ३० पैकी २५ अंश मिळाले.

अशा पाच पुनरावृत्तींनंतर ३ मिमी त्रिज्येवर एकूण समतुल्य विकृती (दाब आणि पीळ दोन्हींची एकाच मापात मांडलेली) १० च्या आसपास. जुन्या हिशोबाने पाच पूर्ण फेऱ्यांना त्याच त्रिज्येवर ९० लिहिलं गेलं असतं.

निष्पत्ती

कडकपणा ४६८ एचव्ही, थंड माउंटमध्ये. रिलॅक्सेशनची एन्थॅल्पी १४ जूल प्रति ग्रॅम. ती काढण्याची रीत महत्त्वाची: पहिला रन आर्गॉनमध्ये मिनिटाला २० अंशांनी काचसंक्रमणाच्या किंचित वर नेऊन थांबवायचा, स्फटिकीकरण सुरू होऊ द्यायचं नाही, त्याच दराने थंड करायचं, आणि दुसरा रन वजा करायचा. पायाभूत रेघ डोळ्यांनी ओढली तर २-३ जूल सहज इकडचे तिकडे होतात.

क्ष-किरण विवर्तनात मुख्य फुगवटा किंचित खालच्या कोनाकडे सरकलेला दिसला, पण तो आकडा दाव्यात घेतला नाही. एचपीटीची चकती जराशी बशीसारखी होते, आणि २४० मिमी त्रिज्येच्या गोनिओमीटरवर ०.१ मिमी उंचीच्या फरकाने शिखर ०.०४५ अंशाने सरकतं. सरक त्याच घरातला होता. ‘पूर्णपणे अस्फटिकी’ हा शब्दप्रयोगही काढला, कारण स्फटिकीकरणाची एन्थॅल्पी ४ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे थोडे नॅनोस्फटिक आधीच तयार झालेले असू शकतात आणि विवर्तन एवढं थोडं प्रमाण दाखवत नाही.

सगळं साध्य झालं असं नाही. ३ मिमी त्रिज्येच्या बाहेर थर नीट सांधले गेले नाहीत. ऑक्साइडच्या रेघा आणि भेगा राहिल्या. त्यामुळे ताणाच्या चाचणीचा नमुना काढता आला नाही, आणि काच कमी ठिसूळ झाली का हा मूळ प्रश्न नॅनोइंडेंटेशनवरच (अतिसूक्ष्म टोकाने दाबून केलेल्या चाचणीवरच) भागवावा लागला.

मसुद्यातल्या प्रत्येक आलेखाचा आडवा अक्ष बदलला. ‘फेऱ्यांची संख्या’ गेली, ‘मोजलेली विकृती’ आली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच चकतीबरोबर शून्य फेऱ्यांची चकती हवी होती. तिला खर्च काहीच नाही, मोटरसुद्धा लावावी लागत नाही. ती असती तर ‘संपृक्तता’ हा शब्द मसुद्यात आलाच नसता.

अर्ध्या चकतीची चाचणी नव्या मिश्रधातूवर, नव्या ॲन्व्हिलवर आणि साफसफाईची पद्धत बदलली की दरवेळी करावी. टॉर्कचे गेज त्यानंतर लावले तरी चालतील. इथे उलटा क्रम झाला आणि गेज जुळवताना बराच वेळ गेला.

ॲन्व्हिलच्या ड्रॉइंगवर टूलरूमचं म्हणणं लिहून घ्यायला हवं होतं. तोंडी सांगितलेलं ड्रॉइंग बदलत नाही. कोपऱ्याची त्रिज्या आणि ठिणगीची हद्द आता स्वतंत्र मापं म्हणून दिली जातात.

एक तुलना मात्र उशिरा सुचली आणि तिने सर्वांत जास्त विचार करायला लावलं. रचून पाच पुनरावृत्ती, पण न फिरवता: फक्त दाबणं, कापणं, पुन्हा रचणं. कडकपणा ४८१ एचव्ही आला, एन्थॅल्पी ११.५ जूल प्रति ग्रॅम. म्हणजे ५३० पासूनच्या ६२ पैकी ४९ एचव्ही पिळाशिवायच उतरले. आता प्रत्येक तक्त्यात ‘दाबून’ आणि ‘दाबून-पिळून’ असे दोन शेजारी रकाने असतात, आणि प्रबंधातल्या त्या प्रकरणाच्या शीर्षकातून ‘टॉर्शन’ हा शब्द काढला आहे.